डाव्या पायाचं अवधाण

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी साठी उलटल्यावर स्कूटर शिकायला घेतली आणि पहिल्याच आठवड्यात स्टँडखाली स्वतःच्या डाव्या पायाचा अंगठा घातला. नख उचकटलं, चपलेत रक्त जमलं आणि त्या शांतपणे मला म्हणाल्या, "बाय, गाडीला काय लागलं नाय ना, बघ जरा." गाडी माझी होती. तिला काही लागलं नव्हतं.

आम्ही नवीन पनवेलला एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. दोघा भावांनी एकदमच फ्लॅट घेतले, दारं दिवसभर उघडी, त्यामुळे त्यांच्या फोडणीला माझ्या घरात शिंका येतात. मी पुण्याची, म्हणजे मला सगळं कळतं असं माझं म्हणणं आणि तेच तर दुखणं आहे असं नवऱ्याचं. जाऊबाई उरणकडच्या जासईच्या. त्यांच्या माहेरची मिठागरं होती. आता तिथे कंटेनरच्या थप्प्या लागल्या आहेत. माहेरी गेलं की त्या लहानपणीच्या जागा कंटेनरच्या रंगावरून दाखवतात. "तो निला दिसतो ना, त्याच्या खाली आमचं मीठ पिकायचं." पुढच्या वेळी निळा कंटेनर गेलेला असतो, मग त्या लालवर समाधान मानतात. आमच्या नोकरदार घरात इतकी वर्षं काढूनही त्यांनी आपली भाषा सोडली नाही. पाहुणे आले की दीर कानकोंडे व्हायचे आणि जाऊबाई मुद्दाम दोन शब्द जास्त बोलायच्या.

स्कूटरचं खूळ त्यांच्या डोक्यात आजारपणानंतर शिरलं. काही वर्षांपूर्वी त्यांचं पोट फुगायला लागलं. गॅस म्हणून आम्ही ओवा खाऊ घातला, आणि तो निघाला ओव्हरीचा कॅन्सर. मोठं ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि परत आले ते कुरळे आले. त्या काळात त्यांना सगळ्यांनी नुसतं इकडून तिकडे नेलं. दिरांनी नेलं, माझ्या नवऱ्याने नेलं, रिक्षाने, टॅक्सीने, व्हीलचेअरने. त्यात कुणाचं काही चुकलं नाही. पण बऱ्या झाल्यावर त्यांनी एक दिवस जेवताना जाहीर केलं, "गॅसच्या टाकीसारखं उचलून नेलं मना सगल्यांनी. आता तपासायला जाईन ती माझी मी गाडी चालवत जाईन."

तपासणी बेलापूरला असायची. पनवेलहून बेलापूरला स्कूटरने, तीही हायवेने. दिरांचा घास हातातच राहिला. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, नियमाशिवाय बोलत नाहीत. त्यांनी मोबाइलवर शोधलं की या वयात लायसन्स मिळतं का, आणि त्यांच्या दुर्दैवाने मिळतं. मग त्यांनी कंटेनर, ट्रेलर, खड्डे, कुत्री अशी एकेक अडचण काढली. जाऊबाई भात कालवत राहिल्या. शेवटी दीर माझ्याकडे वळले, कारण स्कूटर माझी. मी म्हटलं, शिकवते. मला त्या दिवशी दिरांचा राग आला होता आणि रागात मी कशालाही हो म्हणते.

आमच्याकडे नव्या सेक्टरमध्ये रस्ते आधी होतात आणि इमारती मागाहून उगवतात. असल्या एका रुंद, रिकाम्या रस्त्यावर आमची शाळा भरायची. जाऊबाई साडीच्या आत सलवार चढवून यायच्या, म्हणजे खाली सलवार आणि वर खोचलेली साडी. हॉर्न वाजवायला त्यांना संकोच वाटायचा, त्याऐवजी त्या तोंडाने "सरक रे बाबा" म्हणायच्या, समोर काळं कुत्रंही नसलं तरी. ब्रेकवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. थांबायचं झालं की दोन्ही पाय जमिनीवर घासायच्या. "पाय हायत ना देवानं दिलेले?" त्या विचारायच्या. या पायांच्या भरवशामुळेच तो डावा अंगठा स्टँडखाली गेला.

पट्टी एवढी मोठी बांधावी लागली की स्वतःची चप्पल डाव्या पायात जाईना. मग त्यांनी दिरांची तपकिरी सँडल डाव्या पायात घातली आणि उजव्या पायात आपली नाजूक, सोनेरी पट्ट्याची. तशाच त्या बाजार करून आल्या, भिशीला गेल्या, सोसायटीच्या मीटिंगलाही बसल्या. दीर ती सँडल परत मागायला रोज यायचे आणि रोज रिकाम्या हाती जायचे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुपारी पाट्यावर चटणी वाटता वाटता त्या म्हणाल्या, "अवधाण आलंय."

मी शब्द ऐकलेला होता, पाहिलेलं नव्हतं. पायाला जखम झाली, ती चिघळली, की जांघेत गाठ सुजते, त्याला अवधाण म्हणतात. आम्ही पुण्याच्या लोकांनी पाय सांभाळून वापरल्यामुळे आम्हाला ते फारसं ठाऊक नसतं. पण मिठागरावर ते सर्दीइतकं घरचं. मिठाचे खडे टाचा कापायचे, खारं पाणी जखमेत जायचं आणि घरात सतत कुणाच्या तरी जांघेत अवधाण. आई आंबेहळद उगाळून लेप द्यायची आणि अवधाणवाल्याला दिवसभर पडून राहायची मुभा मिळायची.

"म्हणून आमचा भाव," जाऊबाई चटणी गोळा करत हसायला लागल्या, "त्याला उरणला सिनेमा बघायचा होता. उजव्या पायाला शिंपला लागलेला त्याला. तो आपला मोठ्यानं कण्हत पडला, आय गं, अवधाण आलं गं करीत. आय आली, बघते तर हा डावी जांघ धरून बसलेला. ती बोलली, पाय उजवा कापलास नि अवधाण डावीकडं कसं रं? झाडू घेऊन त्याला मिठागरापर्यंत पिटाळला."

आम्ही दोघी हसलो. चटणी झकास झाली होती. त्या गोष्टीत मला तेव्हा काहीच दिसलं नाही.

घरातल्या प्रत्येकाने अवधाणावर आपापलं मत दिलं. दिरांनी मोबाइलवर वाचून सांगितलं की जंतुसंसर्गाने जांघेतल्या गाठी सुजतात, घाबरण्याचं कारण नाही. माझ्या नवऱ्याने गोळ्या घ्यायला सांगितलं. मी डॉक्टरकडे पिटाळलं, कारण मी सगळ्यांना कशासाठीही डॉक्टरकडे पिटाळते. आमच्या घरच्या डॉक्टरांना जाऊबाईंनी अंगठा दाखवला आणि वर अवधाणही आहे असं तोंडी सांगितलं. ते म्हणाले, बघू. या म्हणाल्या, ते नाय दाखवणार. लग्न होऊन आल्यापासून या बाईने कुणाही बाईसमोर साडी बदललेली नाही. मोठ्या ऑपरेशननंतरसुद्धा त्या नर्सला बाहेर काढून भिंतीकडे तोंड करून गाऊन घालायच्या, टाके ओढले जायचे तरी. डॉक्टरांनी जखमेसाठी गोळ्या लिहून दिल्या आणि गाठ उतरली नाही तर परत या म्हणून बजावलं.

आम्हा कुणाच्याच मनात दुसरं काही आलं नाही, याचं कारणही साधं होतं. अंगठ्याच्या प्रकरणाच्या थोडंच आधी बेलापूरची तपासणी झाली होती. रक्तातला तो कॅन्सरचा आकडा व्यवस्थित, पोटाची सोनोग्राफी स्वच्छ. आमच्या लेखी कॅन्सर पोटात राहत होता, आणि पोट रिकामं होतं. भाडेकरू गेला, कुलूप लागलं, अशा थाटात आम्ही पेढे वाटले होते.

अंगठा बरा झाला. खाली नवं नख दिसायला लागलं, सँडल दिरांना परत मिळाली. लायसन्सच्या परीक्षेची तारीखही ठरली, येत्या शुक्रवारची. मी अवधाणाचं विचारलं की त्या म्हणायच्या, "उतरतंय." पण लेप चालूच होता, कारण त्यांच्या घरातून आंबेहळदीचा वास येतच होता.

पाय भिजू नये म्हणून त्यांचे कपडे मी माझ्या मशीनमध्ये धूत होते आणि अंगठा बरा झाल्यावरही ती सवय तशीच राहिली. एका सकाळी मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. जाऊबाईंचा पांढरा परकर हातात आला, त्याला हळदीचा भलामोठा डाग. आंबेहळद काही जात नाही, म्हणून मी साबण लावून ठेवावा या विचाराने तो डाग बघत होते. जाऊबाई आपले परकर स्वतः शिवतात आणि प्रत्येकाला नाडीच्या चिरेखाली एक खिसा लावतात. घराची किल्ली, रिक्षाचे पैसे, वेलदोडे, सगळं त्यात. नाडीची गाठ कायम डावीकडे. डाव्या कमरेशी हात घालून किल्ली काढताना मी त्यांना रोज बघते.

डाग खिशाच्या बाजूला नव्हता. पलीकडे होता.

मी परकर उलटा केला, सुलटा केला. खात्री होईना म्हणून माझ्या गाऊनवरूनच तो नेसले, खिसा डावीकडे घेतला आणि आरशासमोर उभी राहिले. डाग उजव्या जांघेवर आला. तेवढ्यात माझा नवरा चहाचा कप घेऊन खोलीत आला, मला गाऊनवर परकर नेसून आरशात जांघ निरखताना पाहिलं आणि एक शब्द न बोलता परत गेला. समजूतदार माणूस आहे तो.

मला झाडू घेऊन उभी असलेली जाऊबाईंची आई आठवली. पाय डावा आणि अवधाण उजवीकडे.  पलंगावर बसून मी स्वतःला समजावत होते की मला वैद्यकातलं काय कळतं, असेल बाबा काहीतरी. पण ती गोष्ट ज्यांनी मला सांगितली, त्यांना तर कळत होतं. उजवं-डावं त्यांच्या आईने झाडूने शिकवलं होतं. म्हणजे त्यांना माहीत होतं, आणि त्या रोज मला "उतरतंय" म्हणून सांगत होत्या. मग भीती बाजूला पडली आणि मला सणसणून राग आला.

त्या दुपारी आम्ही रिकाम्या रस्त्यावर गेलो. त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, आता ब्रेकने थांबायच्या. तिसऱ्या फेरीनंतर मी किल्ली काढून घेतली आणि म्हटलं, "ताई, तुमच्या भावाची ती गोष्ट सांगा ना. अवधाणाची."

त्या खूश झाल्या. गाडीवर बसल्या बसल्या त्यांनी शिंपला सांगितला, सिनेमा सांगितला, कण्हणं करून दाखवलं. "मग आय आली," त्या म्हणाल्या, "नि बोलली, पाय उजवा कापलास नि..."

तिथे त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मग समोरच्या मोकळ्या प्लॉटवर कुणीतरी लावलेल्या भेंडीकडे बघत राहिल्या.

"तुला कसं कललं?"

"परकर."

"मरो ती हलद," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, किती मोठी आहे. सुपारीपेक्षा मोठी, त्या म्हणाल्या. दुखते का. "नाय. तेच तर. अवधाण ठणकतं. हे गप बसलंय." रोज अंघोळ करताना त्या हात लावून बघत आणि मनाशी म्हणत की एखादं अवधाण वाट चुकलं असेल, डावीकडे जायचं ते उजवीकडे गेलं असेल. लेप लावत राहिल्या, कारण लेप लावला की ते अवधाणच आहे असं वाटायचं.

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?" माझा आवाज चढला. रस्त्यावर कुणी नव्हतं हे बरं होतं.

"शुक्रवारी परीक्षा हाय," त्या म्हणाल्या. "ती झाली की दाखवणार होती. आधी दाखवलं नि ते निघालं, तर मना गाडीची चावी कोण देनार? पुन्ना गॅसची टाकी. तू पण नाय देनार, बाय. तू पण मागं बस म्हणशील."

मला रडू आलं. रागाने आलं, भीतीने आलं, आणि त्या म्हणत होत्या ते खरं होतं म्हणूनही आलं. शंका आल्याबरोबर मी आधी किल्लीच काढून घेतली होती. ती अजून माझ्या मुठीत होती. मी नाक पुसलं आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. म्हटलं, "डॉक्टर उद्या. परीक्षा शुक्रवारी. दोन्ही होणार. कोण काय म्हणतं ते मी बघते." त्यांनी किल्ली खिशात टाकली, डाव्या कमरेशी, आणि घरापर्यंत गाडी त्यांनीच चालवली. वाटेत एका बैलाला "सरक रे बाबा" म्हणाल्या, तर तो खरंच सरकला.

बेलापूरच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, भराभर बोलतात. त्यांनी पडद्याआड तपासलं, सुईने गाठीतला नमुना घेतला आणि सगळ्या शरीराचं स्कॅन करायला सांगितलं. घरी येऊन मी दोघा भावांना समोर बसवून सांगितलं.  "मला का नाही सांगितलं तिने?" असं दिरांनी विचारलं आणि आम्ही उत्तर द्यायच्या आत मान खाली घातली. मग म्हणाले, "परीक्षा कधी आहे?"

परीक्षेला त्यांना दिरांनीच नेलं, म्हणजे ते स्वतः रिक्षाने गेले आणि स्कूटर जाऊबाईंनी चालवत नेली, शिकाऊचा लाल एल लावून, मागे मी. इंग्रजी आठ काढायचा होता. पहिल्या आठात त्यांचा पाय जमिनीला लागला. साहेबांनी पुन्हा काढायला लावला, दुसरा नीट निघाला. मैदानाच्या कडेला दीर उभे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बायकोसाठी चारचौघांत टाळ्या वाजवल्या असतील, त्यामुळे त्या वाजवताना त्यांची अवस्था फार अवघडलेली होती.

रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला. तोच जुना कॅन्सर होता. ओव्हरी तर पहिल्याच ऑपरेशनात काढलेली, पोट साफ होतं, आणि हा उजव्या जांघेतल्या गाठीत येऊन बसला होता.

दिरांनी अगदी माझ्या मनातलं विचारलं. "पण पोटातला आजार जांघेत कसा जाईल?" डॉक्टरीणबाईंनी कागदावर माणूस काढला, वाईट काढला, आणि त्यात बारीक रेषा आखल्या. शरीरभर अशा बारीक वाहिन्या असतात, त्यांच्या वाटेवर ठिकठिकाणी छोट्या गाठी असतात, सगळ्यांच्याच असतात. जखम झाली की जी सुजते तीच ही गाठ. हा आजार परत आला तर बहुतेक वेळा पोटातच येतो. पण कधी कधी या वाहिन्यांतून निघतो आणि भलत्याच ठिकाणी थांबतो, जांघेत, काखेत, मानेत गळ्याच्या हाडावर. "नेहमीची वाट नाही ही," त्या म्हणाल्या, "पण वाट आहे." रक्तातला आकडा अशा वेळी गप्प राहू शकतो. सोनोग्राफी पोटाची होती, तिने पोटाचं खरं तेच सांगितलं होतं.

"स्कॅनमध्ये दुसरीकडे काही दिसत नाहीये. एकच गाठ असली की ती काढता येते, आणि असा आजार पुष्कळदा सावकाश चालतो. वचन मात्र मी देत नाही."

जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे वाट चुकलेलं अवधाणच झालं की," त्या म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंना अवधाण म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. मग जाऊबाईंनी आपला खरा प्रश्न काढला, "गाडी चालवता येल ना?" जखम भरल्यावर येईल, डॉक्टर म्हणाल्या. घरी येताना त्यांनी लिंबू सरबत मागितलं आणि अर्धं माझ्याकडे सरकवलं.

गाठ काढली. पुन्हा केमो झाली, पुन्हा केस गेले. या वेळी परत आले ते सरळ आले, आणि जाऊबाईंना त्याचं वाईट वाटलं, कुरळे शोभत होते म्हणे. उजव्या पायाला सूज राहते, गाठ काढल्यावर तशी राहू शकते म्हणतात. त्यासाठी मांडीपर्यंत घट्ट मोजा घालावा लागतो. तो चढवणं म्हणजे रोज सकाळची कुस्ती. साडीखाली एकाच पायात मोजा घालून त्या मिरवतात आणि कुणी विचारलं तर फॅशन म्हणून सांगतात.

आणि त्या गाडी चालवतात. रविवारी नेरे गावाकडे जाऊन शेतावरची ताजी भाजी आणतात, दिरांना मागे बसवून. दीर मागे बसल्या बसल्या डावीकडे हात दाखवतात, उजवीकडे हात दाखवतात, त्यामुळे मागच्या गाड्यांना गाडी कुठे वळणार ते कधीच कळत नाही. मागच्या तपासणीला त्या बेलापूरला स्वतः गेल्या. मी मागे होते. हायवेवर एक ट्रेलर अगदी बाजूने गेला तेव्हा मी त्यांची कंबर घट्ट धरली. "बाय," त्या म्हणाल्या, "पोटावरचा हात काढ, गुदगुल्या होतात."

पण मला सांगायचं आहे ते शनिवारचं.

ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की मान, गळ्याच्या हाडाच्या वर, काखा, जांघा, दोन्ही बाजूंनी हात लावून बघत जा, नवं काही लागलं तर लगेच या. हे त्या जाऊबाईंना सांगत होत्या, पण शेवटी माझ्याकडे वळल्या. "यांच्यावर माझा भरवसा नाही. तुम्ही बघत जा." दर शनिवारी, अंघोळीनंतर, असं आम्ही ठरवलं.

पहिल्या शनिवारी जाऊबाईंनी खोलीचं दार लावलं, कडी घातली, पडदा ओढला, पडद्यावर चादर टाकली. पलंगावर आडव्या झाल्या आणि चेहरा भिंतीकडे वळवला. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "डोले मीट."

"मिटून कशी बघू?"

"हातानं बघायचंय ना? मग डोले कशाला हवेत?"

मी डोळे मिटले. त्यांची मान, काखा, जांघा मी पहिल्यांदा तशा चाचपल्या, डोळे मिटून, आणि उजवीकडे ऑपरेशनचा वण हाताला लागला तेव्हा माझी बोटं थबकली. त्या तोंडाने स्तोत्र पुटपुटत होत्या. "काही नाही," मी म्हटलं. त्या झटकन उठून बसल्या आणि आतूनच दिरांना चहाला आधण ठेवायला ओरडल्या.

हळूहळू चादर गेली, मग पडदा अर्धवट राहायला लागला. माझे डोळे कधी उघडे राहायला लागले ते दोघींनाही कळलं नाही. आता मी त्यांच्या मानेशी बोटं फिरवत असते आणि त्या बोंबलाचे भाव सांगत असतात. कुणासमोर पदर न ढळू देणारी ही बाई माझ्या हाताखाली निवांत पडलेली असते. त्या पाच मिनिटांत मला अजूनही दर वेळी भीती वाटते. त्यांना ते कळत असणार. त्या बोंबलावरून कोळंबीच्या भावावर जातात.

गेल्या शनिवारी असंच झालं. मी "काही नाही" म्हटलं, त्यांनी मोजा चढवला, साडी सारखी केली आणि पलंगावरून उठल्या. मी दाराकडे निघाले तर त्यांनी माझा हात धरला.

"आता तू आडवी हो."

"मी? मला काय झालंय?"

"मना तरी कुठं काय झालेलं?" त्या म्हणाल्या. "अवधाण आलेलं."

मी हसायला गेले, पण त्या हसत नव्हत्या. मी आडवी झाले. इतके शनिवार दुसऱ्याला चाचपलं, पण स्वतः तिथे पडल्यावर माझा चेहरा आपोआप भिंतीकडे वळला. त्यांचे हात नुकत्याच केलेल्या अंघोळीने गरम होते, मिठागरात लहानपण गेलेले खरखरीत हात. त्यांनी गळ्याच्या हाडापासून सुरुवात केली, आधी डावीकडे, मग उजवीकडे.

"ताई, डोळे मिटा ना," मी म्हटलं.

"नाय मिटनार," त्या म्हणाल्या. "तू मीट."

मी मिटले.